पंपाचा ताबा

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन हाताशी असताना पत्रं लिहिणारी आपण दोघंच उरलो असू, असं तुझी भावजय म्हणते. मी तिला सांगितलं, की फोनवर बोलताना बाबा शेजारीच बसलेले असतात, त्यांच्याविषयी काही बोलायचं तर कागदच बरा. त्यावर ती म्हणाली, की मग तिच्याविषयीही कागदावरच चालत असेल. मी चहाचा कप तोंडाला लावला.

बातमी अशी, की टाकी भरली. गेली दोन वर्षं तू ज्याला ‘धाकट्याचा समुद्र’ म्हणून हसत होतीस, तो आता खरोखर घरात आहे. काच लांबीला बाबांच्या पलंगाएवढी. खाली लोखंडी चौकट, चौकटीत आणखी एक लहान टाकी आणि तिच्याशेजारी पंप. वरचं पाणी खाली उतरतं, गाळून आणि फेस काढून पुन्हा वर जातं. हे फिरणं कधीच थांबायचं नाही. थांबलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि आत जे असेल ते गुदमरतं. सध्या आत फक्त दगड आहेत. सच्छिद्र दगड; त्यांच्या भोकांत सूक्ष्म जंतू वाढतात आणि तेच पुढे पाणी स्वच्छ राखतात. ते पुरेसे वाढेपर्यंत मासा किंवा प्रवाळ काही सोडायचं नाही. तुझी भावजय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की लोक कुत्री पाळतात, आमच्याकडे दगड पाळलेत.

टाकी मागच्या खोलीत आहे. तू विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. बाकीच्या घराखाली तळघर आहे. जमीन थेट मातीवर आहे ती फक्त मागच्या खोलीची. एवढं पाणी म्हणजे भरलेल्या टेम्पोचं वजन, ते दुसरीकडे कुठे ठेवणार? बाबांना मी विचारलं. म्हणजे विचारलं तेव्हा चौकट खोलीत येऊन उभी होती हे खरं, पण विचारलं. ते बरं म्हणाले. त्यांचं कपाट बोळात आणलं आणि पलंग फिरवून घेतला. आता त्यांची उशी पंपाच्या बाजूला येते.

आणि खरं सांगू? त्यांना त्यात रस आहे. पंप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा ते आले, पंपाच्या अंगावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. सारी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून प्रथमच त्यांचा चेहरा कामावरच्या माणसासारखा दिसला. मी म्हटलं, बाबा, आता हे तुमच्याकडे. ते मान हलवून बरं म्हणाले. मी गमतीनेच म्हटलं होतं, पण मला छान वाटलं. टाकी मी स्वतःच्या हौसेसाठी केली की त्यांच्यासाठी, हा प्रश्न मधूनमधून टोचत होता. त्या क्षणी टोचायचा थांबला.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ गोड्या पाण्यासारखा आहे, तो तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

समुद्र भरल्याबद्दल शाबासकी. बालवाडीतल्या पोरांना सांगितलं, की माझ्या भावाने घरात समुद्र आणला. एकीने विचारलं, मग जहाज कुठे ठेवलं? उत्तर सुचलं तर कळव, ती रोज विचारते.

तू छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका पकडायचा पगार घेतोस, म्हणून तुझं पत्र मी तुझ्याच पद्धतीने वाचलं. बाबांचं कपाट बोळात गेलं, पलंग फिरला. खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची होती, तिचं काय झालं ते लिहिलेलंच नाहीस. आणि चौकट आत आल्यावर विचारणं याला विचारणं म्हणत नाहीत, कळवणं म्हणतात. तू लहानपणीही माझा लाडू अर्धा खाऊन झाल्यावर मला विचारायचास.

आणखी एक. बागेत बाबांच्या बाकावर बसणारे ते निवृत्त पोस्टमन आठवतात ना? त्यांची मुलगी आमच्याच गल्लीत राहते. परवा दुकानात भेटली. तिने विचारलं, बाबांची तब्येत बरी नाही का? बरेच दिवस बाकावर फिरकले नाहीत म्हणे. मी म्हटलं, ठणठणीत आहेत. मी खोटं बोलले नाही ना?

हे पुलाच्या कामासाठी दोन महिने बाहेर चाललेत. घर खायला उठेल. बाबांना माझ्याकडे पाठव. त्यांनाही बदल होईल आणि मला सकाळच्या चहाला कोणीतरी नावं ठेवणारं मिळेल.

भावजयीला आशीर्वाद. माया आहे म्हणून टोचून लिहिते, हे तुला ठाऊक आहेच.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना तुझा निरोप सांगितला. म्हणाले, यायला हरकत नाही, पण पंपाकडे कोण बघणार? मी हसलो, तुझी भावजयही हसली. ते हसले नाहीत. गेला आठवडाभर रोज थोडं थोडं समजावून आता तयार झालेत. टाकीकडे मी बघतो असं कबूल केलं. शिवाय रोज संध्याकाळी फोन करायचा असं ठरलं आहे. येत्या सोमवारच्या बसने पाठवतो.

खुर्ची माळ्यावर आहे. जागा पुरेना म्हणून तात्पुरती ठेवली. बागेचं त्यांना विचारलं, तर म्हणाले हवा गार आहे. हवा काही फार गार नाही, पण वयाला वाटत असेल.

आता टाकीत जीव आहेत. सगळ्यात आधी आली ती एक कोळंबी, अंगावर तांबडे-पांढरे पट्टे आणि मिशा इतक्या लांब, की सतत काहीतरी लिहीत असल्यासारखी हलते. तुझ्या भावजयीने तिचं नाव ‘कारकून’ ठेवलं. मग दोन लहान मासे. आणि गेल्या आठवड्यात दगडांवर प्रवाळाचे पहिले तुकडे बसवले. दिवा लागला, की त्यांच्यावरची फुलांसारखी बारीक तोंडं हळूहळू उघडतात. मी छापखान्यातून आलो, की बूट काढायच्या आधी तिथे जाऊन उभा राहतो.

बाबा तर तिथून हलतच नाहीत. तासन्‌तास टाकीसमोर पलंगावर बसून असतात, कधी कधी डोळे मिटून. मी तुझ्या भावजयीला म्हटलं, बघ, बाबा ध्यानाला बसल्यासारखे दिसतात, एवढी शांती त्यांना कधी मिळाली होती का? पाणी उडून पातळी उतरली, की गोड्या पाण्याची भर तेच घालतात. खारेपणा तेच बघतात. मी छापखान्यात सगळ्यांना सांगतो, की माझ्याकडे पूर्णवेळ चालक आहे.

मध्ये एकदा त्यांनी विचारलं, की बाहेरच्या खोलीत दिवाणावर पडू का. मी म्हटलं, दिवाण आखूड आहे, तुमचे पाय बाहेर येतील. आणि तुमच्यासारखा माणूस पंपाजवळ आहे म्हणून तर आम्ही दार लावून निर्धास्त झोपतो. त्यांना ते ऐकून बरं वाटलं असावं, कारण पुन्हा विषय काढला नाही.

त्यांना स्वेटर दिला आहे. इथली काळजी करू नकोस. लोभाची पातळी उतरू देऊ नकोस, भर घालत राहा.

तुझा,
धाकटा


२२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाबा पोचले. पोचले आणि झोपले. हे मी फोनवर सांगितलं नाही, कारण मला आधी नीट कळून घ्यायचं होतं.

बसमधून उतरतानाच डुलत होते. वाटलं, प्रवासाचा शीण असेल. घरी आले, पाणी प्यायले आणि पलंगावर आडवे झाले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठलेच नाहीत. मी चार वेळा नाकाशी हात धरून पाहिला. शेवटी घाबरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, प्रथम हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, आजार काही नाही, या माणसाला कित्येक दिवसांत झोप मिळालेली नाही. कुठे असतात हे? मी म्हटलं, माझ्या भावाकडे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण ज्या नजरेने पाहिलं ती मी तुझ्या वतीने सोसली.

त्यानंतरही तेच. न्हाव्याकडे दाढीला गेले, तिथे खुर्चीत झोपले. न्हावी भला, त्याने दुसरं गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीत घेतलं. दुपारी वर्तमानपत्र तोंडावर पडतं. मी विचारलं, बाबा, तिकडे झोप लागत नाही का? म्हणाले, लागते की. मग बाहेर पाहू लागले. तुला माहीतच आहे, या घराण्यात दाढ दुखली तरी कोणी दाढ दुखते म्हणत नाही, आज जेवण नको म्हणतात.

मग एक गोष्ट ध्यानात आली. ते कितीही गाढ झोपलेले असोत, माझ्या फ्रीजची मोटर सुरू झाली, की डोळे उघडतात. उठत नाहीत, बोलत नाहीत. छताकडे पाहत ऐकत राहतात आणि मोटर थांबली, की मिटतात. दोन दिवस खात्री करून घेतली. आता ते पडले, की मी फ्रीजचं बटण बंद करते. दूध नासतं, नासू दे.

धाकट्या, मी आरोप करत नाही. विचारते. त्यांच्या उशाशी तू जे ठेवलं आहेस त्याचा आवाज कसा आहे? आणि तू तिथे कधी झोपून पाहिलं आहेस?

उत्तराची वाट पाहते. माया तर आहेच. आत्ता ती थोडी बाजूला ठेवून हे लिहिलं.

तुझी,
ताई


२७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ते लगेच घडी घालून ठेवलं, आणि छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पाहत बसलो. एकही दिसली नाही.

रविवारी दुपारी बाबांच्या पलंगावर, त्यांच्याच उशीवर पडून पाहिलं. आवाज मोठा नाही. एकसुरी घूं आणि अधूनमधून पाण्याचा खळखळाट. मी खूप लक्ष देऊन ऐकायचं ठरवलं होतं. ताई, मला झोप लागली. चांगली लागली. तुझ्या भावजयीने हलवून उठवलं. उठलो तेव्हा क्षणभर वाटलं, म्हणजे आवाजाचा काही दोष नाही, चला. दुसऱ्याच क्षणी या ‘चला’ची लाज वाटली. ज्या जागी माझा बाप जागा राहिला तिथे मला झोप लागते, यात सुटका कसली?

आणि मला काही माहीत नव्हतं, असं तरी कसं म्हणू? त्यांच्या पलंगावरची चादर सकाळी चुरगळलेली नसायची. मी ते पाहिलं होतं. पाहून मनात म्हटलं होतं, की बाबा किती टापटिपीचे. डोळ्यांखाली काळं दिसायचं, तेव्हा टाकीच्या निळ्या दिव्याने तसं दिसतं असं मी ठरवून टाकलं. दिवाणाबद्दल त्यांनी विचारलं तेही मी तुला गंमत म्हणून लिहिलं. त्या पत्राची आठवण झाली, की कान तापतात. आखूड दिवाण! चार वीत लांबीची सबब, आणि वर त्यांच्या कौतुकाचं कुलूप. तुमच्यासारखा माणूस जवळ आहे म्हणून आम्ही झोपतो, असं एकदा म्हटल्यावर ते बिचारे कुठल्या तोंडाने उठून जातील? मी ते वाक्य त्यांना थोपवायला म्हटलं होतं का? नव्हतं, असं मला वाटतं. पण मला तसं वाटणं माझ्या सोयीचं आहे.

उपाय शोधतो आहे. पंपाला आतून फोम लावलेली पेटी करून पाहिली. पंप तापला, काढावी लागली. भिंतीला भोक पाडून पंप मागच्या पडवीत न्यायचा म्हटलं, तर गवंडी म्हणाला, ती भिंत छपराचा भार घेते, हात लावणार नाही. टाकी तर आता हलणारच नाही. बंद करावी, तर आतले जीव संध्याकाळपर्यंत मरतील. प्रवाळाला नवे कोंब आलेत हे लिहू नये असं वाटत होतं, पण लिहितो. त्यांना पाहून अजूनही आनंद होतो, त्याचीही लाज वाटते.

बाबांना काही दिवस तुझ्याकडेच राहू दे. मार्ग निघाला, की आणायला येतो. फोन रोज करतोच आहे.

लोभ मागताना हात आखडतो आहे.

तुझा,
धाकटा


३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू फोन रोज करतोस. तोच मुद्दा आहे.

संध्याकाळी तुझा फोन आला, की बाबा तो घेऊन खिडकीपाशी बसतात. मी दुरून पाहायची. बाबा काही बोलत नाहीत, नुसते कान लावून ऐकतात. मला वाटायचं, तू त्यांच्याशी भरपूर बोलतोस. मनात म्हणायची, चला, पोराला उमज पडला, मन मोकळं करतो आहे. परवा फार वेळ झाला म्हणून मी हसत हसत फोन त्यांच्या हातातून घेतला आणि कानाला लावला. तू नव्हतासच. नुसतं घूं ऐकू येत होतं.

मी त्यांना विचारलं. खालमानेने म्हणाले, की मीच त्याला सांगितलं आहे फोन पंपाजवळ धर म्हणून. आणि तू धरतोस, रोज. त्यातून तुमच्या फोनवर आवाज फाटका येतो, त्यामुळे त्यांना रोज काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. तुला दोनदा पंप उघडायला लावला, काही निघालं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तो फोन झाला, की त्यांची झोप गेलीच. मी इथे फ्रीज बंद करून दूध नासवते आणि तू तिथून त्यांच्या कानात पंप सोडतोस.

तुला वाटलं असेल, की म्हाताऱ्याची हौस पुरवतो. मला तुझ्या मनाची शंका नाही. तू कधी वाईट वागत नाहीस, हीच तुझी अडचण आहे. त्यामुळे तुला पकडायला पत्र दोनदा वाचावं लागतं.

आता ऐक. तू पंप हलवायला निघालास. भिंत फोडायला निघालास. बाबांना माझ्याकडे ठेवायला निघालास. त्या घरात आणखी एक माणूस आहे, तो मात्र कुठेच हलताना दिसत नाही. त्याची खोली दुसऱ्या टोकाला आहे, तिला दार आहे आणि तिथला पलंग आखूडही नाही.

मी बाबांना ठेवून घेतलं असतं. पण त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. म्हणतात, पाणी चालू आहे, मला गेलं पाहिजे. मी रागावले, तर म्हणाले, धाकट्याला दोन ओळी लिहितो. ते पत्र सोबत घातलं आहे. मी वाचलं. मग बालवाडीतल्या पोरांना लवकर सोडलं.

माझा राग मावळेल. तोवर या आशीर्वादावर भागव.

तुझी,
ताई


(सोबतचं पत्र)

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. आम्ही पंपघरात पाटीवर पाण्याची पातळी लिहायचो, तेवढंच माझं लेखन.

ताई तुला बोलली असेल. तिचं मनावर घेऊ नकोस. आवाजाचा मला त्रास नाही. असल्या आवाजात मी जन्म काढला. घरी आलो, की मला झोप लागायची, हे तुमच्या आईने पाहिलं होतं. ती म्हणायची, दगडासारखे झोपता. कारण तेव्हा पंप दुसऱ्याकडे असायचा.

तुला आमची रीत माहीत नाही, सांगायचं कधी कारण पडलं नाही. पाळी संपली म्हणून माणूस निघून जात नसे. पुढचा माणूस यायचा, पंपाच्या अंगावर हात ठेवायचा. जाणारा सांगायचा पातळी किती, आवाज कसा. येणारा म्हणायचा, ताबा घेतला. तोंडाने म्हणायचा, मान हलवून चालत नसे. मग जाणाऱ्याने हात काढायचा. तो शब्द ऐकेपर्यंत हलायचं नाही, मग घरी काही का होईना. तू जन्मलास तेव्हा माझा बदली माणूस आलाच नाही. तुला मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. तुमची आई त्याबद्दल बोलली नाही, पण विसरलीही नाही.

तू म्हणालास, हे तुमच्याकडे. मी बरं म्हणालो. तुझ्या मनात तसं नव्हतं हे मला कळतं, मी काही खुळा नाही. पण कळून उपयोग होत नाही. पडलो, की हात पंपावर असल्यासारखा वाटतो. इथे ताईकडे पहिले काही दिवस आवाजच नव्हता, तेव्हा झोपलो. मग वाटलं, आपण पाळी सोडून आलो. म्हणून तुला फोन पंपाजवळ धरायला सांगितलं. तू धरलास, बरं केलंस.

तुझा दोष नाही. सोमवारी येतो. बस दुपारी पोचते. टाकीत घालायचं गोडं पाणी बाहेर उन्हात तापलं असेल, सावलीत भरून ठेव.

बाबा


१५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

‘तुझा दोष नाही’ हे बाबांचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. दोष आहे असं त्यांनी लिहिलं असतं तर मी स्वतःची बाजू मांडली असती, चांगली मांडली असती. त्यांनी ती सोयच ठेवली नाही.

तुझं आधीचं पत्र तुझ्या भावजयीला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता वाचता दुसऱ्या टोकाच्या खोलीपाशी आलो तेव्हा ती म्हणाली, की हे तिलाही सुचलं होतं, पण आपली खोली कोण सोडणार म्हणून ती गप्प बसली. मग उठून तिने आमच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. मी बाबांचं कपाट बोळातून आमच्या खोलीत ढकललं आणि आमची अंथरुणं मागच्या खोलीत नेली. माळ्यावरून खुर्ची उतरवली. तिचा एक हात सैल झाला आहे, तो दोरीने बांधला. हे सगळं करायला एक सकाळ पुरली. मी दोन आठवडे गवंडी शोधत होतो.

बाबा आले ते चपला न काढता थेट मागच्या खोलीत गेले. तिथे माझं अंथरूण पाहिलं. वाकून पंपावर हात ठेवला. मी आधीपासून ठरवून ठेवलं होतं, तरी पाऊल उचलेना. वाटलं, मी हे नाटकातल्यासारखं करीन आणि ते ओळखतील. शेवटी त्यांच्याशेजारी बसलो आणि पंपावर हात ठेवला. गरम होता. पेटी नसतानाही तो एवढा तापतो हे मला माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत दुरुस्तीखेरीज मी त्याला हात लावला नव्हता.

बाबांनी टाकीच्या काठाकडे पाहिलं आणि सांगितलं, पातळी खुणेला आहे. आवाज सरळ आहे. गोडं पाणी सकाळी घालावं लागेल. इतके आठवडे ते तुझ्याकडे होते, तरी जणू आत्ता पाळी संपवून उठत होते. मग थांबले. मी म्हटलं, ताबा घेतला. ते माझ्याकडे पाहत नव्हते, मीही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांच्या हाताकडे पाहत होतो. तो उचलला गेला.

चहा होईपर्यंत ते आमच्या खोलीत झोपलेले होते. स्वयंपाकघर त्या खोलीला लागून आहे. आमच्या फ्रीजची मोटर सुरू झाली तेव्हा तुझी भावजय कप हातात धरून जागीच थांबली, मीही थांबलो. मोटर थांबेपर्यंत आम्ही दोघं दाराच्या फटीतून पाहत होतो. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

आता माझं ऐक, यात बढाई नाही. ज्या घूंमध्ये त्या रविवारी मला गाढ झोप लागली होती, त्यानेच आता जाग येते. पंपाचा सूर जरा हलला असं वाटतं आणि मी उठून बसतो. तो हललेला नसतो. तुझी भावजय शेजारी घोरते, कारण पंप तिच्याकडे नाही. छापखान्यात काल मी एका पानावर डुलकी घेतली आणि शेजारच्याने कोपर मारून जागं केलं. बाबांना कोपर मारणारंही कोणी नव्हतं. ही शिक्षा म्हणून मी घेतलेली नाही. शिक्षा म्हटली, की ती संपेल अशी आशा वाटते. हे माझंच होतं, फक्त मी ते दुसऱ्याच्या उशाशी ठेवलं होतं.

बाबा पुन्हा बागेत जाऊ लागलेत. पोस्टमनकाकांनी त्यांना कुठे होतात म्हणून विचारलं, तर म्हणाले, पाळीवर होतो. बाकावर सगळे हसले म्हणे. मला हे त्यांनीच सांगितलं, आणि तेही हसले.

शेवटची गोष्ट, जी लिहायलाच खरं तर हे पत्र घेतलं. काल सकाळी बागेतून आल्यावर ते मागच्या खोलीत आले. वेताच्या खुर्चीत बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि टाकीकडे पाहू लागले. बराच वेळ. मग काचेला बोट लावून विचारलं, हा तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, मिशाळ, हा कधी आणलास?

कारकून, ताई. टाकीत सगळ्यांच्या आधी आलेला. त्याच्यासमोर बाबा तासन्‌तास बसत होते आणि मी त्याला शांती म्हणत होतो. त्यांनी तो एकदाही पाहिला नव्हता. ते ऐकत होते.

मी म्हटलं, परवाच आणला. ते म्हणाले, छान आहे, लिहितो आहे जणू. मग एकेक करून सगळे विचारले, तो मासा कधीचा, हे जांभळं काय आहे, ते उघडतं-मिटतं ते कोण. मी सगळं नवं असल्यासारखं सांगत गेलो. तुला म्हणून खरं लिहिलं. त्यांना कळू देऊ नकोस.

लोभ उरला असेल तेवढा असू दे. कमी पडला तर मी मागणार नाही.

तुझा,
धाकटा